डिकीतली वही

माझ्या ॲक्टिव्हाची सीट उचलली की आत रेनकोट, एक जुनं फडकं, दहा-बाराचा पाना, प्लगचा पाना आणि गोकुळ दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली एक शंभर पानी वही दिसते. पंपावर पेट्रोल भरताना ती वही बघून पोरं विचारतात, ताई हे काय, तर मी सांगते गाडीची वही आहे. परवा ऑफिसमधल्या एकीनं नवी स्कूटर घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत मला विचारलं की मेंटेनन्सचं नक्की काय काय बघायचं असतं गं, मी अख्खी सुट्टी बोलत बसले आणि तरी निम्मं राहिलंच, म्हणून आता इथं सगळं लिहून टाकते.

गाडी २०१४ ची. एमएच ०९, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली), १०९ सीसी, पुढं मागं दोन्हीकडं दहा इंची चाकं. घर कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ आणि नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, म्हणजे रोज राजारामपुरीवरनं विद्यापीठाचा रस्ता, शाहू नाका, उजळाईवाडी आणि पुढं हायवे, जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. आज मीटरवर ६६,९०० झालेत. पहिली पाच वर्षं मी या गाडीचं काहीही लिहून ठेवलं नव्हतं. सर्व्हिसिंगची आठवण झाली की गॅरेजला टाकायची, संध्याकाळी बिल भरायचं, घेऊन यायची, एवढंच.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगते, पंचगंगेची पातळी आम्ही राजाराम बंधाऱ्यावर मोजतो, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. नदी आमच्या घरापासनं तशी लांब आहे पण नदी भरली की जयंती नाल्याला फूग येते, नाल्याचं पाणी पुढं जायचं ते उलटं शहरात फिरतं आणि बघता बघता गल्लीत येतं. कुंभार गल्लीत तेव्हा गणपतीच्या मूर्ती हलवायची धांदल चालली होती, महिन्याभरावर सण, जो तो मूर्ती उचलून माळ्यावर नाहीतर टेम्पोत चढवत होता, आमच्या घरातले सगळे हात तिकडंच लागलेले. मी गाडीला दोन विटांवर मधल्या स्टँडवर उभी केली आणि मला वाटलं एवढं पुरेल. रात्रीत पाणी गुडघ्याच्या वर आलं. आई म्हणाली, "गाडी राहू दे, चल तू आधी, औषधं मी घेतलो." आम्ही राजारामपुरीत बहिणीकडं गेलो आणि गाडी तिथंच राहिली, पुढचे पाच-सहा दिवस पाण्याखाली. शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात दुधाची आणि पेट्रोलची ओढाताण, त्यात स्कूटरचा विचार कोण करणार, पण खरं सांगते रात्री झोपताना मला ती गाडी डोळ्यासमोर यायची.

पाणी उतरल्यावर गेलो तर गाडी आडवी पडलेली, हेडलाइटच्या काचेआत पाणी आणि फूटबोर्डवर बोटभर गाळ. माझा हात चावीकडं गेलाच होता, पण शेजारच्या काकांनी हाताला धरून थांबवलं. त्यांच्या भाच्यानं आदल्याच दिवशी आपल्या गाडीला सेल्फ मारला होता, इंजिनातनं खण् असा आवाज आला आणि गाडी तिथंच लॉक. कारण असं की पिस्टन वर जाताना हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पाणी असलं की पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका बोटाच्या दाबानं इंजिन खोलायची वेळ येते. बुडालेल्या गाडीला किक नाही, सेल्फ नाही, चावी पण फिरवायची नाही, बॅटरीची वायर आधी काढायची. एवढी एकच गोष्ट या पोस्टमधनं कुणाच्या लक्षात राहिली तरी मला आनंद आहे.

टेम्पोत घालून गाडी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं नेली. वडिलांच्या वेळेपासनं ओळखीचे, आम्ही त्यांना मामाच म्हणतो. त्यांच्या दारात तेव्हा तीस-चाळीस गाड्या उभ्या, सगळ्या गाळानं एकाच रंगाच्या. मामांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टाटर दाबला न्हाईसा न्हवं?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. दुसरा प्रश्न, "शेवटचं ऑइल कवा बदललंसा? बेल्ट कवा टाकलाय?" आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. पाच वर्षं जिच्यावर बसून रोज कामाला गेले तिच्याबद्दल मला दोन साध्या गोष्टी माहीत नव्हत्या. मामा काही बोलले नाहीत पण मला ते फार लागलं.

मी दोन दिवस सुट्टी काढून त्यांच्याजवळ बसले आणि त्या दोन दिवसांत गाडी आतनं कशी असते ते पहिल्यांदा बघितलं. आधी प्लग काढून इंजिन हातानं हळू फिरवलं, प्लगच्या भोकातनं पाणी उडालं. खालचा नट काढला तर ऑइल बाहेर आलं ते दूध घातलेल्या चहासारखं, पाणी मिसळल्याची हीच खूण. नवीन चांगलं ऑइल लगेच घातलं नाही, साधं घालून थोडा वेळ इंजिन चालवायचं आणि काढून टाकायचं, असं दोनदा केलं, तिसऱ्यांदा चांगलं घातलं. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं हे पण मला तेव्हाच कळलं, चहाच्या कपाएवढंच असतं पण बदलावं लागतं आणि कितीतरी गॅरेजवाले त्याला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. टाकी रिकामी करून वाळवली, कार्बोरेटर खोलून धुतला, एअर फिल्टर कागदाचा त्यामुळं फेकूनच दिला. सायलेन्सरमधनं पाणी ओतून काढलं. दोन्ही चाकांचे ब्रेकचे ड्रम उघडले तर लायनरवर चिखलाचा थर बसलेला. वायरिंगचा एकेक सॉकेट सोडवून हवेनं फुंकला, उन्हात ठेवला, त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला कारण ऑगस्टात कोल्हापुरात ऊन कुठलं. डाव्या बाजूचं लांब कव्हर उघडलं तर आत इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडं नेणारा बेल्ट आणि क्लच चिखलात बसलेले, बेल्ट नवीन टाकला. चौथ्या दिवशी मामांनी मला किक मारायला सांगितली. सहाव्या किकला गाडी चालू झाली, पांढरा धूर भक्कन निघाला आणि मग आवाज सुरळीत झाला. मी तिथंच रडले, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

इन्शुरन्सचं पण सांगते. माझा फक्त थर्ड पार्टी होता, कायद्यानं तेवढा लागतोच म्हणून काढलेला, आणि थर्ड पार्टीत पुराच्या पाण्यानं झालेलं आपल्या गाडीचं नुकसान मिळत नाही, त्याला ओन डॅमेजवाली पॉलिसी लागते. सगळा खर्च खिशातनं. नदीकाठच्या शहरात राहणाऱ्यानं हे रिन्यूअलच्या वेळी तरी वाचून बघावं.

मामांच्या दुकानातनं निघताना कोपऱ्यावर वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं, १४ ऑगस्ट २०१९, ३१,२०० किलोमीटर, महापूर, खाली काय काय बदललं त्याची यादी. वडील हेच काम कॅलेंडरच्या मागच्या पानावर करायचे. त्यांच्याकडं प्रिया होती, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली, टू स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, उजव्या बाजूला इंजिन, त्यामुळं गाडी जरा तिकडं कलायची आणि सवय झालेल्या माणसाला ते जाणवायचंही नाही. गॅस सिलिंडर कधी लावला, दुधाचा खाडा किती, आणि त्याच्याच शेजारी प्रियाचा प्लग कधी साफ केला. फक्त वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत जायचं.

वहीचा उपयोग काय झाला ते सांगते. ४३,६०० ला एका गॅरेजमध्ये बेल्ट बदलून घेतला, गॅरेजचं नाव घेत नाही. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी गाडी सिग्नलवरनं उचल घेईना, सुटताना थरथरायची, कावळा नाक्याच्या सिग्नलला मागचे हॉर्न वाजवायचे. त्याच गॅरेजला नेली, तिथल्या पोरानं कव्हर न उघडताच सांगितलं, मॅडम बेल्ट गेलाय, बदलावा लागंल. मी सीट उचलली, वही काढली, पान दाखवलं. बेल्ट ४३,६०० ला इथंच टाकलाय, आता ४८,१०० आहेत, साडेचार हजारात बेल्ट जातो कसा? बेल्ट साधारण चोवीस हजारांना बदलतात. म्हटलं कव्हर उघडा आणि माझ्यासमोर दाखवा. उघडलं तर बेल्टला एक चीर नाही, कडा सरळ. दोष रोलरचा होता.

रोलरबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण गिअर नसलेल्या स्कूटरचा सगळा जीव तिथं आहे आणि वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत असतं. डाव्या कव्हरच्या आत पुढं एक पुली आणि मागं एक पुली, दोघींवर बेल्ट. पुढच्या पुलीच्या पोटात सहा छोटे गोल रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पुलीच्या दोन तबकड्या जवळ ढकलतात, मग बेल्ट पुढं वर चढतो, मागं खाली उतरतो, म्हणजे आपोआप वरचा गिअर पडल्यासारखं होतं. हे रोलर घासून घासून एका बाजूनं चपटे होतात, मग ते सरकायच्या ऐवजी अडकतात आणि गाडी एका ठरावीक स्पीडला अडल्यासारखी वाटते. मागच्या पुलीला क्लचचे शूज, म्हणजे पकड घेणारे तुकडे, आणि त्याच्या बाहेर बेल, म्हणजे ते आतनं धरतात ती वाटी, त्या शूजवर चकाकी आली की सुटताना थरथर. माझ्या गाडीला दोन्ही झालं होतं. रोलरचा सेट बदलला, शूज पॉलिश पेपरनं घासले, बेल्टच्या निम्म्या पैशात काम झालं. तेव्हापासनं बदललेला जुना पार्ट मी मागून घेते आणि घरी आणते. मागायला लाजायचं काही कारण नाही, पैसे आपण दिलेले असतात.

पन्हाळ्याचं पण याच्याशीच संबंधित आहे. कोल्हापुरातनं वीस-बावीस किलोमीटर, रविवारी सकाळी शिवाजी पुलावरनं निघायचं, केर्ली, वाघबीळ, आणि वर चढायचं, चढताना डबलसीट असली तर गाडी दमते पण चढते. अडचण उतरताना. वडील प्रियावर घाटात म्हणायचे खालच्या गिअरवर उतर, गिअरच गाडी धरून ठेवतो. ॲक्टिव्हाला तो गिअर नाही. एक्सलेटर पूर्ण सोडला की आधी इंजिन थोडं धरतं, पण स्पीड एका मर्यादेच्या खाली आला की क्लचचे शूज आत मिटतात, इंजिन आणि चाक वेगळे होतात आणि उतारावर गाडी न्यूट्रलला पडल्यासारखी मोकळी पळते. मग माणूस घाबरून ब्रेक दाबूनच ठेवतो, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक लागत नाही. मी एकदा वळणावर हे अनुभवलंय, लिव्हर दाबलेला आहे आणि गाडी पाहिजे तशी थांबत नाहीय. आता मी उतरताना स्पीड फार पडू देत नाही, पडलाच तर एक्सलेटर किंचित पिळून परत सोडते म्हणजे क्लच धरतो आणि इंजिनचा थोडा आधार मिळतो, ब्रेक दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा, दाबून ठेवायचा नाही, आणि मध्ये कुठं लिंबू सरबतवाला दिसला तर थांबायचं. गाडीलाही बरं आणि आपल्यालाही.

हवेचं एका ओळीत. पुढं २२ पीएसआय, मागं एकटी असले तर २९, डबलसीट असलं तर ३६. पंक्चरवाला विचारतो, किती मारू, आणि आपण म्हणतो मारा तुमच्या अंदाजानं, ते बंद करा. दहा इंची चाक खड्ड्यात खोल उतरतं, त्यात हवा कमी असली की रिमला मार बसतो.

आमच्या भागातला एक ऋतू कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतो, तो म्हणजे गळीत हंगाम. दिवाळीच्या पुढं मागं कारखान्यांची धुराडी पेटली की मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर, त्याला दोन दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, वरनं ऊस लोंबतोय. रात्री पडलेली उसाची कांडी चाकाखाली आली तर ती फिरते आणि गाडी घेऊन जाते, आणि दहा इंची चाकाला तर जास्तच. हंगामात अंधार पडल्यावर मी ट्रॉलीच्या मागं कधी जवळ राहत नाही. धूळ, पाचटाची राख, चिपाडाची कुसं सगळं हवेत असतं, त्यामुळं एअर फिल्टर कंपनी सांगते त्याच्या आधीच बघावा लागतो. वहीत स्पष्ट दिसतं, पावसाळ्यात टाकलेला फिल्टर बरा राहतो आणि डिसेंबरात टाकलेला फेब्रुवारीत काळा.

त्याच उसाचं आता गाडीच्या टाकीत पण आलंय. माझ्या सख्ख्या मामांचा (मिस्त्री मामा वेगळे) करवीर तालुक्यात थोडा ऊस आहे, तो कारखान्याला जातो, कारखाना त्यातनं साखर काढतो आणि इथेनॉलही, आणि ते इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळून आपल्याला मिळतं. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं, आता सगळीकडं तेच. शेतकऱ्याचे पैसे वेळेवर मिळायला त्याचा उपयोग होतो हे मी घरात बघते, त्यामुळं मला त्याचा राग नाही. पण माझी गाडी २०१४ ची, तिच्यासाठी काय फरक पडला ते पण लिहून ठेवलंय. मी टाकी फुल ते टाकी फुल असं मोजते, पूर्वी लिटरला ४६ च्या आसपास यायचं, आता ४३ येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते, त्यामुळं एवढी घट हिशोबात बसते. दुसरं म्हणजे जुन्या गाडीतले रबर. ६२,००० ला पेट्रोलचा वास यायला लागला, मिस्त्री मामांनी बघितलं तर टाकीपासनं कार्बोरेटरकडं येणारा पाइप कडक होऊन त्याला बारीक चिरा गेलेल्या, पाइप आणि कार्बोरेटरचे रबर बदलले. जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल तर हा पाइप बोटानं दाबून बघा, वास आला तर उद्यावर टाकू नका. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळं पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी ठेवायची नाही.

घरी मी स्वतः काय करते तर फार नाही. दर रविवारी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर लावून ऑइलची काडी बघते, काडी पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत, नाहीतर पातळी चुकीची दिसते. दर तीन हजाराला ऑइल बदलते. रोज सकाळची पहिली स्टार्ट किकनं, कारण किक वापरली नाही की तिचा दांडा जाम होतो आणि बॅटरी ज्या दिवशी बसते नेमकं त्याच दिवशी ते कळतं. प्लग काढून बघायला मला आवडतं. फिकट विटकरी रंग असला की मन शांत होतं.

लोकं विचारतात अजून किती वर्षं ओढणार, इलेक्ट्रिक घे. चेतक पण आता इलेक्ट्रिक मिळते. घेईन कधीतरी, विरोध नाही. पण या गाडीचा १५ वर्षांचा पासिंगचा काळ २०२९ ला संपतोय आणि तेव्हा आरटीओत इंजिन, ब्रेक, बॉडी बघून पुढं वाढवून मिळतं, मला ते करायचंय. इंजिन अजून उघडलेलं नाही, बुडूनसुद्धा.

बेल्ट ६७,६०० ला आहे, म्हणजे अजून सातशे किलोमीटर, नवीन आणून कपाटात ठेवलाय. आणि वहीच्या शेवटच्या पानावर पाण्याचं लिहिलंय. २०२१ च्या जुलैत परत पाणी चढलं तेव्हा बंधाऱ्याची पातळी ३६ फूट झाल्याचा मेसेज आला त्याच संध्याकाळी मी गाडी राजारामपुरीत बहिणीच्या दारात नेऊन लावली. त्या वर्षी शाहूपुरीत परत पाणी आलं, आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत. गाडी कोरडी राहिली. तेव्हापासनं जूनमध्ये बहीण तिच्या दारातली कुंड्यांची रांग सरकवून ठेवते, आणि मी ३९ ची वाट बघत नाही.